साताऱ्याचे कदम

१९ जानेवारी

आजपासून मी साताऱ्याची. जन्मात कधी सातारा पाहिला नाही, पण झाले खरी! तळमजल्यावरून लिफ्ट आठव्या मजल्यावर पोचेपर्यंत सगळं उरकलं.

अभय माझी पिशवी धरून उभा. दार बंद होता होता एक बाई आत शिरल्या. माझ्याच वयाच्या, नऊवारी नेसलेल्या आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट. समोरच्याच फ्लॅटमधल्या. "नव्या आलाय न्हवं?" मी सांगितलं, मुलाकडे राहायला आले, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तळवलीला एकटीनं राहणं आता जमत नाही. "आडनाव काय म्हणायचं?" कदम म्हटलं. बाईंचा चेहरा असा फुलला – "कदम! म्हंजी आमच्या साताऱ्याकडचं?"

मी आमचं कोकणातलं मंडणगड म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात आमचे चिरंजीव – "हो, हो, त्याच बाजूचे."

त्याच बाजूचे! मंडणगड आणि सातारा, मधे अख्खा सह्याद्री. पोरानं एका वाक्यात ओलांडला.

मी गप्प बसले. लिफ्टमध्ये मुलाला खोटं पाडायचं कसं? आणि आता घरात येऊन हे लिहितेय, तर गप्प बसल्याचाच राग येतोय.

२१ जानेवारी

अभय काल माझ्या पलंगावर येऊन बसला. पाय दाबायला लागला तेव्हाच ओळखलं, काहीतरी मागणार. लहानपणापासून हीच रीत.

"आई, एक सांगू? तू बाल्कनीत फोनवर बोलतेस ना... तिथून समोर सगळं ऐकू जातं."

तीस वर्षं टेलिफोन खात्यात 'हॅलो, चौकशी' म्हणून घसा झिजवला. रिटायर झाले तेव्हा ठरवलं, आता स्वतःचा फोन उचलला की फक्त 'जय भीम'. तळवलीत त्याची मजाच होती. चुकून बँकेचा फोन आला तरी समोरची मुलगी बिचकत बिचकत 'जय भीम मॅडम' म्हणायची. आता माझा लेक म्हणतो, बेडरूममध्ये बोल. दार लावून.

रागावणार होते. पण त्याचा चेहरा पाहिला आणि राग उतरला. आधीच्या भाड्याच्या घराचं त्यानं मला तेव्हा नीट सांगितलंच नव्हतं, काल सांगितलं. माझ्या नातीच्या, दीक्षाच्या वाढदिवसाला घरमालक केक खायला आला. भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो त्यानं पाहिला, छान छान म्हणाला, आणि पुढच्या महिन्यात त्याचा भाचा राहायला येणार म्हणून घर खाली करायला लावलं. भाचा कधी आलाच नाही. घर कित्येक महिने रिकामं पडून होतं. अभय ऑफिसातून येताना मुद्दाम त्या रस्त्यानं यायचा आणि अंधारी खिडकी बघायचा, असं सूनबाई क्रांती म्हणाली.

म्हणून या स्वतःच्या घरात हॉलच्या भिंतीवर धबधबा आहे. मोठा, फ्रेम केलेला, कुठल्या देशातला कोण जाणे. बुद्ध आणि बाबासाहेब आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला. पाहुणा आला की त्या खोलीचं दार लोटलेलं.

पोरगं भित्रं नाही. पोळलेलं आहे. पण अभयचे बाबा, बाजीराव, असते तर धबधब्यानं हॉलमध्ये पहिल्या दिवशीच पूर आला असता.

२४ जानेवारी

समोरून कंदी पेढे आले. गावाहून कोणी आलं होतं म्हणे. 'तुमास्नी आपली चव आठवंल.' आठवली हो! चार खाल्ले.

२८ जानेवारी

बाईंचं नाव राहीबाई. मुलगा मानसिंग, सोसायटीचा सेक्रेटरी. मार्केटात त्याचा कांद्याबटाट्याचा धंदा. सून मोनाली. डॉक्टरांनी राहीबाईंना रोज चालायला सांगितलंय आणि त्यांना चालण्याचा मनस्वी कंटाळा. मला गुडघ्यामुळे चालवत नाही. तेव्हा आमचं छान जमलं. दोघी संध्याकाळी चालायला म्हणून निघतो, स्टेशनजवळच्या बागेत पहिल्या बाकावर बसतो आणि उजेड असेपर्यंत उठत नाही. घरी जाताना राहीबाई बूट जमिनीवर घासतात. "धूळ दिसाया पायजे. सून बघती."

इतकी हसवणारी बाई मला किती वर्षांत भेटली नव्हती. टेलिफोनच्या मैत्रिणी पांगल्या. तळवलीतल्या म्हाताऱ्या नुसत्या औषधांवर बोलतात. राहीबाई माणसांच्या नकला करतात. मानसिंग मीटिंगमध्ये 'सन्माननीय सभासद' कसं म्हणतो ते त्यांनी असं करून दाखवलं की मी पदर तोंडात कोंबला.

फक्त मधूनच परीक्षा असते. "तुमचं गाव कोरेगाव अंगाला का वाई अंगाला?" मी म्हटलं, लहानपणीच मुंबईला आलो, आठवत नाही. "आणि देवक काय तुमचं?" आता देवक कुठून आणू! विसरले म्हणाले. राहीबाईंना माझीच दया आली. "आसूं द्या. मुंबईनं समद्यांचं समदं इसरवलं." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

तो हात उबदार होता, म्हणून जास्त लागलं. परक्याशी खोटं बोललं की विसरता येतं. ही बाई माझ्यासाठी डब्यातून थालीपीठ आणते.

२९ जानेवारी

दीक्षाच्या भूगोलाच्या पुस्तकात सातारा पाहिला. दीक्षा म्हणाली, "आजी, तुझी परीक्षा आहे का?" हो म्हटलं. तोंडी.

२ फेब्रुवारी

समोर मोनालीचं हळदीकुंकू. क्रांती पैठणी नेसून गेली. मला वाटलं मी सुटले, तर राहीबाई स्वतः न्यायला आल्या. "आपुन दोघी आत बसू. गुळपोळी गरम हाय."

आत म्हणजे आतल्या खोलीत. विधवांची जागा! तळवलीत बाजीराव गेल्यावर मला कोणी आत बसवलं नाही. आमच्यात हळदीकुंकूच नाही, तर आत काय आणि बाहेर काय. मला त्या खोलीचं काहीच वाटलं नाही. गुळपोळ्या उत्तम होत्या, तूप सढळ होतं. पण राहीबाई आज गप्प. बाहेर बायका उखाणे घेत होत्या, हसत होत्या, आणि या दार लोटून त्याच्या फटीशी बसल्या होत्या. एरवी हसवणारी बाई. त्यांची बोटं सारखी कपाळाकडे जात होती.

"किती वर्षं झाली त्यांना?" मी विचारलं. म्हणाल्या, "झाली की." आणि पोळीवर आणखी तूप वाढलं. त्यांच्या घरात नवऱ्याचा हार घातलेला फोटोही दिसला नाही. काहींना नाही सोसत बघायला. मी पुढे विचारलं नाही.

वाटलं, हिला घट्ट धरावं आणि सांगावं, बाई, आमच्यात ये, आमच्यात असं कोणी कोणाला आत बसवत नाही. पण 'आमच्यात' म्हणजे कोणात? मी तर साताऱ्याची.

६ फेब्रुवारी

येत्या तेवीसला बाजीरावांना जाऊन सहा वर्षं. रविवार आहे. दरवर्षी तळवलीच्या घरी पुण्यानुमोदन करतो. बौद्धाचार्य येतात, वंदना होते, बाजीरावांचे कंपनीतले दोस्त त्यांच्या आठवणी सांगतात, मग खीर. यंदा तळवलीचं घर भाड्यानं दिलेलं. मला वाटलं, इथेच होईल. अभयनं परस्पर तळवलीचं समाजमंदिर ठरवलं.

"इथे कशाला गर्दी, आई. पार्किंगचा प्रॉब्लेम आहे."

पाहुणे बसनं येणार, पार्किंग कसलं! क्रांती भांडी घासत होती, तिनं एक पातेलं जरा जोरात ठेवलं. ती काही बोलत नाही. नावाची क्रांती, पण ती पातेल्यातूनच होते.

बरं म्हटलं मी. माझ्या नवऱ्याच्या आठवणीला त्याच्याच मुलाच्या घरात जागा नाही, हे म्हणायचं होतं. पण पोरगं माझ्याकडे असं बघत होतं, जसं दहावीच्या निकालाच्या दिवशी बघत होतं. मला त्याची फार माया येते. हाच माझा घात.

८ फेब्रुवारी

बाकावर सहज बोलून गेले, तेवीसला कार्यक्रम आहे. राहीबाई ताडकन सरळ बसल्या. "आनि तिथी?"

मी म्हटलं, तारीख तेवीस.

"तारीख न्हवं ओ. तिथी. वर्षाचं तिथीनं असतंय." आम्ही तारखेनं करतो हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? म्हटलं, तिथी कोणी लिहून ठेवली नाही. राहीबाईंना धक्काच बसला. तिथल्या तिथे मानसिंगला फोन. मानसिंगनं मोबाइलमध्ये शोधून सांगितलं, तिथी सतराला येते.

"म्हंजी सहा वर्सं तुमी चुकीच्या दिशी घालताय! बिचारा मानूस उपाशी ऱ्हायला असंल." डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. माझ्या नवऱ्यासाठी! ज्याला त्यांनी कधी पाहिलं नाही. "तुमी कायबी करू नगा जाईताई. सतराला मी सैपाक करती. आपुन दोघी गच्चीवर कावळ्याला पान ठिवू. आमच्यात कावळा लगीच येतो."

नको कसं म्हणू? इतक्या मायेनं कोणी करायला निघालं की नको म्हणण्यासाठीसुद्धा आधी खरं बोलावं लागतं.

९ फेब्रुवारी

कावळा! बाजीराव, ऐकताय का? तुम्ही जन्मभर भाषणं दिलीत की मेलेला माणूस जेवायला येत नाही. दशक्रियेला कोणी बोलावलं तर घाटावर उभं राहून वाद घालायचात. आता तुमच्या नावानं खीरपुरी, वडे, आणि वर कावळ्याला आमंत्रण. सकाळपासून हसतेय. क्रांतीनं विचारलं काय झालं, तर सांगताही येईना.

१७ फेब्रुवारी

हे नीट लिहायचं आहे. उद्या मला आठवेल ते मऊ झालेलं असेल.

अकराच्या सुमाराला राहीबाई आल्या. हातात केळीचं पान, त्यावर भात, वरण, वडे, खीर, पुरी, भोपळ्याची भाजी. पहाटे उठून केलेलं. मला विचारून ठेवलं होतं, त्यांना काय आवडायचं? मी सुकट म्हणता म्हणता वडे म्हटलं होतं. तर वडे जास्त.

गच्चीवर टाक्यांच्या सावलीशी पान ठेवलं. राहीबाईंनी पाणी फिरवलं, हात जोडले, मला जोडायला लावले. आम्ही बाजूला होऊन उभ्या राहिलो. पलीकडच्या बिल्डिंगच्या कठड्यावर कावळे चांगले रांगेनं बसलेले. एकही हलेना.

राहीबाईंनी 'का-का' हाका घातल्या. एक आला, टाकीवर बसला, पानाकडे बघून मान तिरकी केली आणि उडून गेला. मला हसू दाबता येईना. हुबेहूब बाजीरावांची मान! कोणी प्रसाद पुढे केला की अश्शीच करायचे.

राहीबाई मात्र कासावीस. "काय तरी मनात ऱ्हायलंय त्यांच्या. जाईताई, तुमी बोला. शबूद द्या. आमकं करीन म्हना, मंग शिवंल."

मी म्हटलं, "अभयला सांभाळीन." कावळा नाही. "दीक्षाला खूप शिकवीन." नाही. "औषधं वेळेवर घेईन." राहीबाई माझ्याकडे रागानं बघायला लागल्या. "आसं वरवरचं नगा बोलू. त्यांचं काय व्हतं ते बोला. तुमास्नी ठावं हाय."

मला ठाऊक होतं. तेच तर!

ऊन डोक्यावर, गुडघा ठणकतोय, समोर एका परक्या बाईनं माझ्या नवऱ्यासाठी पहाटे उठून रांधलेलं अन्न. आणि मी त्या अन्नासमोरही खोटं बोलत होते. माझा माझ्यावरच संताप आला. कावळ्यासाठी नाही, बाजीरावांसाठीही नाही, त्या वड्यांसाठी मी बोलले. मोठ्यानं, आकाशाकडे बघून, टेलिफोनच्या आवाजात.

"जय भीम, बाजीराव. मी तुम्हाला साताऱ्याचं केलं. तुम्ही मंडणगडचे. आपण बौद्ध. तुमचा कार्यक्रम तुमच्या मुलाच्या घरात होईल, सगळ्यांना दिसेल असा. हा माझा शब्द."

मग राहीबाईंकडे वळले. "राहीबाई, आमच्यात कावळा नसतो. देवकही नसतं. मी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. तुमच्या हाताची चव फार चांगली आहे आणि मला तुम्ही फार आवडता, म्हणून सांगायचं राहून गेलं."

राहीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या चेहऱ्यावर. दचकलेलं काहीतरी होतं. मग त्यांनी पानाकडे पाहिलं. कावळा आला नाहीच.

"ऊन लागतंय," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मी मग वडा उचलून खाल्ला. बाजीरावांनी हेच केलं असतं.

१८ फेब्रुवारी

अभयला काल संध्याकाळीच सांगितलं. त्यानं डबा टेबलावर ठेवला आणि बसूनच राहिला.

"आई, काय केलंस हे? मानसिंग सेक्रेटरी आहे."

"सेक्रेटरी म्हणजे काय, घर काढून घेईल? हप्ते तू भरतोस."

"घर नाही गं. दीक्षाला खाली खेळायला कोण घेणार? क्रांतीला कोण बोलावणार? तुला काय, तू तुझ्या मैत्रिणीला सांगून मोकळी झालीस. राहायचं आम्हाला आहे."

खरंच आहे, राहायचं त्यांना आहे. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. चाळिशीचा झाला, मागून विरळ व्हायला लागलेत. म्हटलं, "बाळा, तुझं भय मला कळतं. पण तुझ्या बापाला मी साताऱ्याला नेऊन ठेवलं. आता तिथून तळवलीला, समाजमंदिरात. त्या माणसाला किती ठिकाणी हलवायचं? एकदा घरी येऊ दे."

तो रडेल असं वाटलं नव्हतं. रडला. मला म्हणाला, "बाबा असते तर माझी लाज वाटली असती ना त्यांना?" मी म्हटलं, लाज नाही, भांडले असते. आणि मग तुझ्याच ताटातली माशाची तुकडी उचलून खाल्ली असती.

क्रांती पोळ्या करत होती. तिनं गॅस बंद केला, हात पुसले. "पाहुणे इथेच येतील. हॉल मोठा आहे. अभय, तो धबधबा काढ."

लग्नाला बारा वर्षं झाली, मी तिचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता.

२० फेब्रुवारी

बाकावर एकटीच बसले. कालही. त्यांचं दार बंद असतं. आतून बोलण्याचा आवाज येतो, मी गेले की थांबतो.

२१ फेब्रुवारी

राहीबाईंची फार आठवण येते. इथे लिहायला हरकत नाही – मला त्यांचा राग येत नाहीये, नुसती आठवण येते. थालीपिठाचा डबा माझ्याकडे राहिलाय. रिकामा परत कसा करायचा? भरून दिला तर घेतील का? आयुष्यात पहिल्यांदाच मला हा प्रश्न कोणाच्या हातात डबा देताना पडला. पडला याचंच वाईट वाटलं.

तसाच ओट्यावर ठेवलाय, धुऊन.

२३ फेब्रुवारी

झालं. चांगलं झालं.

सकाळीच अभयनं धबधबा उतरवला. मागे भिंतीवर चौकोन दिसायला लागला, रंग वेगळा. तिथे बुद्ध आणि बाबासाहेब, खाली टेबलावर बाजीराव. मेणबत्त्या, पांढरी फुलं, अगरबत्ती. दीक्षानं बाजीरावांच्या फोटोपुढे चष्म्याची डबी ठेवली. "आजोबांना वंदना वाचायची असेल तर?" मी डबी ठेवू दिली.

दहानंतर मंडळी यायला लागली. पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. तळवलीचे, घणसोलीचे, बोनकोड्याचे. मी आत खुर्चीवर होते. बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला आणि मग अभयचा. मी समजत होते, तो दारात उभा राहून हळूच आत घेईल लोकांना. तर हा पार लिफ्टपाशी जाऊन उभा! "जय भीम मामा, या. जय भीम काकू, डावीकडे." मोकळा आवाज. बापाचाच. आठवा मजला दुमदुमला असेल. मी खुर्चीत बसल्या बसल्या रडले, कोणाला वाटलं बाजीरावांच्या आठवणीनं. तेही होतंच.

वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यानं उतरत होते, त्यांनी विचारलं, काय फंक्शन आहे? अभय म्हणाला, "माझ्या वडिलांचं पुण्यानुमोदन आहे. आम्ही बौद्ध आहोत. जेवायला या." ते "अच्छा, अच्छा, बघतो" म्हणून गेले. आले नाहीत. मानसिंग लिफ्टपाशी भेटला तेव्हा म्हणाला, "पाणी जास्त लागलं तर वॉचमनला सांगा." बस. वाईट बोलला नाही, चांगलंही नाही. अभय म्हणतो, चालेल. मलाही चालेल.

चपला इतक्या झाल्या की ओळ समोरच्या दारापर्यंत गेली. क्रांतीनं दोनदा जाऊन त्या सरळ केल्या, त्यांच्या उंबऱ्यापासून चांगल्या लांब. वंदना चालू असताना आमचं दार सताड उघडं होतं. मी तिथूनच बघत होते. समोरचं दार उघडलं नाही.

खीर उरली. एक वाटी झाकून ठेवली आणि मग स्वतःच खाल्ली.

२५ फेब्रुवारी

घरात मी एकटी असताना बेल वाजली. राहीबाई. आत आल्या, भिंत बघितली, बाजीरावांपुढे हात जोडले आणि माझ्याजवळ बसल्या.

"खोटं कशाला बोलू, जाईताई. गच्चीवरनं उतरताना पयल्यांदा मनात आलं, ह्यांच्या घरचा च्या आपुन प्यालो. मंग माझी मलाच लाज वाटली. पन त्यासाठनं आले न्हाई आसं न्हाई. तुमी खरं बोलला आनि मला भ्या वाटलं. आता आपल्यालाबी बोलावं लागंल म्हनून."

मग सांगितलं. त्यांचा नवरा जिवंत आहे. गावाकडे दुसऱ्या बाईबरोबर राहतो, चांगला ठणठणीत. मानसिंगनं इथे घर घेतलं तेव्हा सोसायटीत सांगितलं, वडील वारले. आईला म्हणाला, कुंकू लावू नकोस, लोक विचारतील. तेव्हापासून त्या आतल्या खोलीत बसतात. दर सर्वपित्रीला लोकांनी बघावं म्हणून त्याच गच्चीवर त्या जिवंत नवऱ्याच्या नावानं पान ठेवतात.

आमच्या घरात कुंकू नाही. असतं तर मी आज लावलं असतं त्यांना, बाजीराव काय म्हणायचं ते म्हणोत.

मला राहवेना. विचारलं, "आणि कावळा?"

"येतो की," राहीबाई म्हणाल्या. "दरवर्षी. पयल्याच हाकंला."